सेकंडहँड बत्तीस बोरचं पिस्तूल घेताना: दीड वर्ष, ४५ दिवस आणि एक पेन्सिल

परवा दुकानात एकजण आला, पैंजण बघायचं निमित्त करून बसला आणि जाताना हळूच म्हणतोय, "शेठ, तुम्ही घोडा घेतलाय म्हणं, कितीला पडला?" घोडा म्हणजे पिस्तूल. आकडा सांगितला, ६६ हजार. त्याला वाटलं मी लपवतोय. असे चार-पाच जण विचारून गेले म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, कारण मी सुरुवात केली तेव्हा मराठीत सांगणारं कोणी नव्हतं, आणि ऑफिसातला प्रत्येक कागद कन्नडात.

आमचं कर्नाटकातल्या निपाणीत सराफीचं छोटं दुकान आहे. चांदीचा माल हुपरीहून आणतो, आठवड्यातून एक-दोन फेऱ्या. २०२२ च्या दिवाळीनंतर ओळखीतल्या एका सराफाला संध्याकाळच्या वेळी गाडी आडवी घालून अडवलं, माल गेला आणि डोक्यात पाच टाके पडले. त्या रात्री घरात विषय निघाला. बायको म्हणाली, "धंदा बंद करा नाहीतर काहीतरी सोय करा." मला पिस्तुलाची हौस वगैरे काही नव्हती, दिवाळीत फटाका लावायलासुद्धा मी लांब काडी घेतो.

लायसन्सचा भाग पटकन सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये ए-१ फॉर्म, म्हणजे लायसन्सचा अर्ज, भरला. सोबत आधार, पॅन, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, दुकानाचं लायसन्स, हत्यार घरात कुठं आणि कसं ठेवणार याचं हमीपत्र, आणि एस-३ नावाचा डॉक्टरचा फॉर्म, ज्यात शरीराबरोबर डोकं ठिकाणावर आहे हेही लिहून द्यावं लागतं. त्यासाठी दोन दिवस गेले, कारण पहिला डॉक्टर म्हणाला हे माझ्या अंगावर नको. मग मार्चच्या शेवटी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि फाइल जिथल्या तिथं. १० मे ला मतदान झालं, तरी जुलैपर्यंत कोणी हात लावला नाही. जुलैत पोलीस घरी येऊन गेले, शेजाऱ्यांना विचारलं, मग फाइल ठाण्यातून चिकोडीला, तिथून बेळगावला. मध्ये सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जोडलं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला अधिवेशन, सगळं पोलीस खातं बंदोबस्तात. डीसी ऑफिसच्या (म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) आर्म्स सेक्शनला मी मोजून ११ वाऱ्या केल्या, त्यातल्या सहा वेळा उत्तर एकच, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. एक टिप देतो, सोमवारी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, आणि प्रत्येक वेळी इनवर्ड नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा, नाव सांगून फाइल सापडत नाही, नंबर सांगून सापडते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात लायसन्स हातात आलं. त्यावर यूआयएन म्हणजे लायसन्सवाल्याचा ओळख नंबर, बोर म्हणजे नळीचं माप, आणि कुठपर्यंत चालेल तो एरिया. एरियाच्या रकान्यात लिहिलं होतं कर्नाटक. त्या दिवशी आनंदात मी तिकडं लक्षच दिलं नाही.

आता घ्यायचं काय. आपल्यासारख्या साध्या माणसाला ९ एमएम मिळत नाही, ती प्रोहिबिटेड बोर. राहिली बत्तीस. नवीन घ्यायची तर सरकारी कारखान्याचं अशनी नावाचं पिस्तूल, त्यावर तेव्हा २८ टक्के जीएसटी, सगळं धरून कोटेशन लाखाच्या वर गेलं. म्हटलं सेकंडहँड बघू. आणि इथं मी पहिल्यांदा चक्रावलो, कारण सेकंडहँड म्हणजे स्वस्त असं मला वाटत होतं. पण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची आयात साध्या माणसाला बंद आहे, त्यामुळं आधी आलेली जी काही वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग लोकांच्या कपाटात आहेत तीच फिरतात, आणि त्यांचा भाव चार-पाच लाखांपासून पुढं. हत्यार ८० वर्षांचं आणि भाव नव्याच्या चौपट! त्यात लोखंडाची किंमत किती आणि नावाची किती हे कळायला माणूस पाहिजे.

माणूस घरातच होता. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, बेळगावातच राहतात. फोन केला तर म्हणाले, "मी येतो, पण एक अट. मी नको म्हटलं की गाडीत बसायचं, तिथं चहा पीत भाव करत बसायचं नाही."

पहिलं बघितलं ते संकेश्वरकडच्या एका वाड्यात. वेब्ली अँड स्कॉट, बत्तीस बोर, सागवानी पेटी, आत लाल मखमल. नातवाच्या नावावर रीतसर लायसन्स, कागद चोख. मागणी साडेचार लाख. बघितल्या बघितल्या मी गार, इतकं काळंभोर आणि चकचकीत. मामांनी चष्मा लावला आणि स्लाइडवरच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरच्या, अक्षरांवरून नुसतं नख फिरवलं. मला म्हणाले, तूही फिरव. अक्षरं पसरट झालेली, कडा गोल झालेल्या, बर्मिंगहॅमच्या प्रूफचा, म्हणजे तपासणीच्या शिक्क्याचा, मुकुट तर खालच्या अक्षरात मिसळून गेलेला. म्हणजे कधीतरी कोणीतरी बफिंग मशीनवर घासून पुन्हा काळं केलंय. स्क्रूच्या खाचाही चावलेल्या, भलत्या पेचकसानं उघडलेलं हत्यार असं ओळखू येतं. मग मालकाला विचारून मुठीची उजवी पट्टी काढली. या वेब्लीत स्लाइडला परत पुढं ढकलणारी स्प्रिंग इंग्रजी व्हीच्या आकाराची असते आणि ती तिथं उजव्या पट्टीखाली बसते. आत जी होती ती कोणा लोहारानं बनवलेली, फाइलचे ओरखडे तसेच. आणि नळीत तर खड्डेच खड्डे. मामा म्हणाले जुन्या काडतुसांच्या टोपीत जो मसाला असायचा त्याचं मीठ नळीत राहतं, त्याच दिवशी साफ नाही केलं की ते हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंड खातं. नातू बिचारा भला माणूस, तो सांगत होता आजोबांची आठवण आहे, कमी कसं करू. गाडीत बसल्यावर मामा एवढंच बोलले, "आठवण त्यांची, पैसे तुझे."

दुसरं कोल्हापूरला एका डीलरकडं जमा असलेलं. मालक वारलेले, बाईंना विकायचं होतं. लोखंड म्हणाल तर तिन्हींत सगळ्यात चांगलं. पण लायसन्स रिन्यू न होता गेलेलं, वारस तीन, त्यातल्या एकाची सही मिळेना, वर महाराष्ट्रातून कर्नाटकात आणायचं म्हणजे दोन्हीकडच्या ऑफिसचे ना-हरकत कागद. मामा पिस्तुलाला हात न लावता म्हणाले, चल.

मधे व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पण आला, "मेड इन इंग्लंड, ४० हजार, पेपर नाही, काम एकदम ओके". फोटोत इंग्लंडचं स्पेलिंगच चुकलेलं. असलं काही आलं तर हसून डिलीट करा, भाव विचारायलाही रिप्लाय देऊ नका.

तिसरं चिकोडीकडच्या एका कॉन्ट्रॅक्टरचं, कानडी माणूस, वय सत्तरच्या आसपास, मुलगा बेंगळुरूला, म्हणून काढायचं ठरवलेलं. अशनी, २०११ ला नवीन घेतलेली, बिल जपून ठेवलेलं. २१ जानेवारीला रविवारी गेलो. याचं जरा सविस्तर सांगतो, कारण बघायचं कसं हे मी तिथं शिकलो.

मामांनी पिस्तूल आधी मागितलंच नाही, लायसन्सचं पुस्तक मागितलं. हत्याराचा नंबर कागदावर उतरवून घेतला, मग काडतुसांच्या नोंदीचं पान उघडलं. २०११ मध्ये २५ आणि २०१५ मध्ये २५, बस. "शिल्लक किती?" तर ३१. म्हणजे तेरा वर्षांत १९ गोळ्या. गाडीचं मीटर मागं फिरवणारे गल्लोगल्ली आहेत, पण शिक्का मारलेली ही नोंद मागं फिरत नाही. सेकंडहँड बघायला जाणाऱ्यानं हे पान आधी बघावं, मला तरी हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग मालकांनी पिस्तूल कपाटातून आणलं आणि आमच्यासमोर रिकामं करून दाखवायला स्लाइड मागं ओढली. मामा ताडकन, "साहेब, आधी मॅगझिन." त्यांना आधी राग आला, मग कळलं. मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) आत असताना स्लाइड ओढून सोडली तर रिकामं होण्याऐवजी वरची गोळी नळीत जाऊन बसते, आणि नंतर मॅगझिन काढून लोक म्हणतात रिकामं आहे. मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागं, मग डोळ्यानं बघायचं, आणि वर करंगळी घालून चाचपायचं. मामांनी हे चारही केलं आणि माझ्याकडून पण करून घेतलं, तोंड भिंतीकडं, बोट ट्रिगरच्या बाहेर. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून आले.

नंबर फ्रेमवरचा आणि स्लाइडवरचा कागदाशी जुळवला. मूठ धरून स्लाइड आडवी हलवून बघितली, खडखडत नव्हती. पुढचं टोक, जिथून गोळी बाहेर पडते, तिथं कडेला ठेच लागलीय का बघितलं. मग सुटं करून नळी वेगळी काढली, ओला-सुका कापडाचा तुकडा फिरवला, एका टोकाला पांढरा कागद धरला आणि खिडकीच्या उजेडाकडं करून मला दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा नळीत बघितलं. आतले आटे वळत वळत जातात, बाटलीच्या तोंडाच्या आट्यासारखे पण सावकाश वळणारे, आणि कडा स्वच्छ. मामा म्हणाले, "नळी फिरवत बघ, कुठं काळी रिंग दिसते का? रिंग दिसली की नळी आतून फुगलेली, मग फुकट दिली तरी नको." नव्हती.

सेफ्टी लावून ट्रिगर दाबला, काही नाही. ट्रिगर सोडला, सेफ्टी काढली, तेव्हाही काही पडलं नाही. हे दुसरं लोक तपासत नाहीत म्हणे, घासलेली सेफ्टी असली तर ती काढताना खटका पडतो. डीलरकडून दोन प्लॅस्टिकचे डमी राउंड, म्हणजे नकली गोळ्या, आणले होते, ते मॅगझिनमधून चढतात का आणि बाहेर फेकले जातात का बघितलं. दुसऱ्या मॅगझिनमध्ये डमी अडकला. मॅगझिनच्या तोंडाची एक ओठासारखी पट्टी असते ती वाकलेली, कधीतरी पडलं असणार.

आणि मग पेन्सिल. मामांनी त्या कॉन्ट्रॅक्टरच्या नातीकडून शाळेची पेन्सिल मागितली. पुन्हा एकदा रिकामं असल्याचं बघितलं, पेन्सिल बोथट टोकानं नळीत सोडली, पिस्तूल छताकडं उभं धरलं, ट्रिगर दाबला. टच्च! पेन्सिल उडून पंख्याच्या पात्याला लागली आणि सोफ्यामागं पडली. नात टाळ्या वाजवायला लागली, आजोबा हसायला लागले, मी मात्र घामाघूम. काडतुसावर आपटणाऱ्या पिनमध्ये जोर आहे की नाही हे त्यावरून कळतं, पेन्सिल नुसती हलली तर स्प्रिंग किंवा पिन गेलेली. बत्तीसच्या नळीत साधी पेन्सिल बरोबर जाते हा योगायोगच.

खुशीत येऊन ते म्हणाले, चला शेतात, दोन गोळ्या मारून बघा. मामांनी हात जोडले. हत्यार अजून त्यांच्या नावावर, मी मारली तर दोघंही अडकणार, आणि असं कुठंही फायरिंग करायचं नसतंच. एक खोट मात्र दिसली. तेरा वर्षं पिस्तूल चामड्याच्या कव्हरातच ठेवलेलं, त्यामुळं स्लाइडच्या एका बाजूला कव्हराच्या शिलाईची पुसट रेघ उमटलेली. चामडं ओल धरतं. कव्हर कमरेला लावायचं असतं, कपाटात ठेवायचं नसतं, हे मामांनी त्यांना ऐकवलं, त्यांनी मान डोलावली आणि जाताना परत त्याच कव्हरात घातलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

मागणी ८५ हजार. वाकलेलं मॅगझिन, ती रेघ, बिलाचं वय, असं करत आम्ही ६५ वरून सुरू केलं. "स्वल्प कमी माड्री सावकार" (जरा कमी करा). "आगल्ल री" (होत नाही). चहा, मग भडंग, मग पुन्हा चहा, आणि ७२ ला मिटलं. मामांनी अटीचा विषय काढला नाही.

कायद्यात असं आहे की खाजगी माणसाला हत्यार विकायचं तर त्यानं आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. आमचा अर्ज कन्नडात लिहायला ऑफिसबाहेर बसणाऱ्यानं १५० रुपये घेतले. पोच घेतली ५ फेब्रुवारीची. ४५ दिवस म्हणजे २१ मार्च. आणि लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्चला! पाच दिवस. मी दुकानात कॅलेंडरसमोर उभा राहून परत परत मोजत होतो, फेब्रुवारी त्या वर्षी २९ चा म्हणून एक दिवस तरी इकडं-तिकडं होईल काय.

आचारसंहितेत बहुतेकांची हत्यारं ठाण्यात जमा. त्यांचंही गेलं. आमच्याकडं मतदान ७ मे ला, निकाल ४ जूनला, आणि परत मिळता मिळता १८ जून उजाडला, पाऊस सुरू झालेला. मी त्यांना फोन करून म्हटलं पैसे तयार आहेत, उद्याच येतो. मामांनी फोनवरच थांबवलं. "जानेवारीत बघितलेलं जानेवारीचं. परत बघायचं."

बघितलं. त्यांनी जमा करताना कव्हरासकट, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून दिलेलं, तीन महिने ते तसंच मालखान्यात. स्लाइडवर हरभऱ्याएवढे तपकिरी डाग, आणि नळीत आत लालसर धूर बसल्यासारखं. माझं तोंड उतरलं, त्यांचं तर त्याहून. मामांनी तेलाचा बोळा फिरवला, दहा मिनिटं थांबले, कोरडा बोळा फिरवला, चॉकलेटी बाहेर आला. परत फिरवला, कमी. चौथा पांढरा. कागद धरून बघितलं तर आटे तसेच. पुसून निघाला तो गंज, राहिला तो खड्डा, आणि खड्डा नळीत एकही नव्हता. स्लाइडवर दोन ठिकाणी मात्र टिंबं राहिली, नखाला लागतात. त्यांनी आपणहून ६ हजार कमी केले, ६६. जमा करायची वेळ आली तर चामड्यातून काढून, नळीला आत-बाहेर तेल लावून, तेलाच्या कापडात द्या, आणि पोचपावतीवर नंबरासोबत अवस्थाही लिहून मागा. सगळीकडं लिहून देतील असं नाही, पण मागा.

पैसे चेकनं दिले, रोख नको. १ जुलैला दोघंही हत्यार आणि दोन्ही लायसन्स घेऊन आर्म्स सेक्शनला. त्यांच्या पुस्तकातून नंबर काटला, माझ्यात चढवला, कॉम्प्युटरवर यूआयएनला जोडला. दीड वर्षाच्या धावपळीत हे एकच काम एका दिवसात झालं, साडेतीन तासांत. त्यांची ३१ जुनी काडतुसं मी घेतली नाहीत, ती डीलरकडं जमा केली, मी नवीन २५ घेतली, ती कोणत्या दिवशी घेतली तेही आता माझ्या पानावर आहे. बाहेर आल्यावर त्या काकांनी रिकामं कव्हर माझ्या हातात दिलं, म्हणाले राहू दे, कामाला येईल. त्यांचे डोळे जरा ओले वाटले, मी नळाकडं बघितल्यासारखं केलं.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: हत्यार ६६ हजार, आणि चलन, ट्रेनिंग, डॉक्टर, अर्ज, पेट्रोल, वाऱ्या, नवीन मॅगझिन, भिंतीत बसवलेलं लॉकर हे सगळं मिळून आणखी साधारण ३१ हजार. म्हणजे नव्याच्या जवळपासच गेलो. कोणी विचारलं तर मी आता सांगतो, जुनं घ्यायचं तर स्वस्ताई म्हणून घेऊ नका, नळी आणि कागद दोन्ही स्वच्छ मिळाले तरच घ्या, नाहीतर नवीन बुक करा आणि गप्प बसा.

आणि एरियाचा रकाना. हुपरी महाराष्ट्रात. कोगनोळीचा नाका ओलांडला की माझं लायसन्स संपतं. म्हणजे ज्या रस्त्यासाठी एवढं केलं त्याच रस्त्यावर नेता येत नाही. फॉर्म भरताना एरिया काय मागायचा हे तेव्हाच विचारून घ्या, त्या रकान्यात मी डोळे झाकून सही केली होती. वाढवून मिळावा म्हणून ऑगस्टमध्ये अर्ज टाकलाय, इनवर्ड नंबर खिशात आहे. तोपर्यंत दर गुरुवारी सकाळी पिस्तूल लॉकरमध्ये, किल्ली बायकोकडं, आणि मी रिकाम्या कमरेनं, सोबत दुकानातला पोरगा घेऊन, उजेडात जाऊन उजेडात परत.